तोंडी लावायला वारसा

दारूबरोबर चखणा म्हणून काय असावं, याबद्दल शास्त्रात काही सांगितलेलं नाही. कोणी खारे शेंगदाणे घेतो, कोणी कांदा-लिंबू मारलेला चिवडा घेतो. आमच्या कचेरीतले एक सद्गृहस्थ घरून साबुदाण्याच्या पापड्या घेऊन येत. त्यामुळे चतुर्थीचा उपास मोडत नाही, अशी त्यांची निष्ठा होती. या कशालाच माझी हरकत नाही. ज्याचा त्याचा घसा आणि ज्याची त्याची बशी. पण दोन हजार वर्षांपूर्वीचं लेणं आणि आठ-नऊशे वर्षांपूर्वीचं देऊळ जेव्हा बशीत घालून पेल्याशेजारी मांडलं जातं, तेव्हा कोणीतरी उठून ‘अहो, हे काय चाललंय?’ असं विचारायला हवं. दुसरं कोणी उठत नाही असं पाहून मीच उठलो आहे.

हल्ली नाशिकहून एका दिवसाच्या सहली निघतात. सकाळी मिनीबसमध्ये बसायचं, एक प्राचीन लेणं बघायचं, एक प्राचीन देऊळ बघायचं आणि दुपारी निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागांच्या मुलखात शिरून एखाद्या वायनरीत चार-पाच तऱ्हेच्या वाइन चाखायच्या. दिवेलागणीला परत. जाहिरातीत वर लेणं असतं, खाली पेला असतो आणि मध्ये ‘संस्कृतीचा आस्वाद’ असं लिहिलेलं असतं. आस्वाद हा शब्द मोठा सोयीचा आहे. तो नेमका कशाचा घ्यायचा, हे ज्यानं त्यानं आपापल्या प्रकृतीप्रमाणे ठरवावं.

ही जाहिरात आमच्या घरात आणली ती माझ्या मेहुण्यानं. फोन माझ्या नाकासमोर धरून तो म्हणाला, “दाजी, यात दोन्ही साधतं बघा. ताईला देवदर्शन आणि आपल्याला...” इथं त्यानं ताईकडे पाहिलं आणि “आपल्याला इतिहास!” असं म्हणून वाक्य पुरं केलं.

या एका वाक्यात सगळ्या धंद्याचं मर्म आहे. मराठी मध्यमवर्गीय माणूस दारू प्यायला म्हणून कधी कुठं जात नाही. तो कुठंतरी जातो आणि तिथं ती असते. गोव्याला तो मंगेशीच्या दर्शनाला जातो. दमणला तो समुद्र बघायला जातो. जणू मुंबईला समुद्र नाहीच. तसा आता तो नाशिकला वारसा बघायला जातो. परत आल्यावर सासूबाईंनी “कुठं गेला होता रे?” असं विचारलं की “सिन्नरच्या गोंदेश्वराला” असं ताठ मानेनं सांगता येतं. वर देवळाचा अंगाराही पुढे करता येतो, म्हणजे त्या जवळ येऊन वास घेत नाहीत. यादवांच्या काळातल्या पाथरवटांनी एवढा काळा पाषाण उन्हातान्हात घडवला, तो एकविसाव्या शतकातल्या जावयांना सबब मिळावी म्हणून घडवला असेल, असं मला वाटत नाही.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो, माझं भांडण वाइनशी नाही. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू द्यायचं राज्याच्या मंत्रिमंडळानं ठरवलं, तेव्हा वाइन ही दारू की दारू नव्हे यावर महाराष्ट्रात जे शास्त्रार्थ झाले, तेवढे वेदान्तावरही झाले नसतील. मी त्यात कुठल्याच पक्षाला नव्हतो. २००१ साली सरकारनं द्राक्षप्रक्रियेचं धोरण काढलं, औद्योगिक विकास महामंडळानं निफाड तालुक्यात विंचूरला वाइन पार्क उभारलं, शेनिन ब्लां नि शिराझ अशा परमुलखातल्या नावांनी नाशिकच्या मातीत मुळं धरली, चांगलं झालं. माझं भांडण आहे ते ‘वारसा आणि वाइन’ यातल्या ‘आणि’शी. हा ‘आणि’ खोटा आहे. ‘वरण आणि भात’ यातला ‘आणि’ खरा असतो, कारण ते एकमेकांत कालवले जातात. इथं काहीच कालवलेलं नसतं.

पुरावा म्हणून आमच्या सहलीचं वेळापत्रक सादर करतो. पांडवलेणी, पाऊण तास, पायऱ्या चढून दम खाण्याचा वेळ धरून. गोंदेश्वर, अर्धा तास. निफाड, चहापान, पंधरा मिनिटं. वायनरी, अडीच तास, ‘आवश्यक वाटल्यास अधिक’. लेण्याच्या बाबतीत कोणाला काही आवश्यक वाटेल, ही शक्यताच आयोजकांनी धरलेली नव्हती.

पांडवलेण्याच्या पायऱ्या आम्ही चढलो. आमच्याबरोबरचा मार्गदर्शक हा चुणचुणीत, हसतमुख पोरगा होता. त्याला मी दोष देत नाही. त्याला जेवढं पढवलं होतं तेवढं तो बोलत होता. “ही पांडवांनी खोदलेली लेणी अशी आख्यायिका आहे, पण खरं तर ती बौद्ध आहेत. एकूण चोवीस आहेत. इथून नाशिक शहराचा फोटो छान येतो.” झालं! सगळ्यांनी लेण्याकडे पाठ केली आणि नाशिक शहराचा फोटो काढला.

आता त्यांच्या पाठीमागे काय होतं ते सांगतो. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात एक शिलालेख आहे. उषवदात नावाच्या माणसानं तो कोरवला. क्षत्रप राजा नहपानाचा हा जावई. जावई असूनही त्यानं सासऱ्याकडून काही मागितल्याची नोंद नाही, उलट वाटल्याच्याच नोंदी आहेत. गायी दिल्या, गावं दिली, नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या, आणि हे लेणं खोदवून त्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण ठेव म्हणून ठेवले. कुठं ठेवले? गोवर्धनच्या, म्हणजे इथल्याच, कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या व्याजानं. एक हजार दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण टक्क्यानं. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. आता हिशेब करा. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. लेण्यात वीस भिक्षू. माणशी बारा कार्षापण वस्त्रासाठी. एका पैचा घोळ नाही! आणि हा व्यवहार निगमसभेत जाहीर केला, फळ्यावर नोंदवला, हेही खाली लिहून ठेवलंय. सहकारी बँकेतली ठेव, व्याजाचा दर आणि सभेपुढचं वाचन! महाराष्ट्राची आद्य वार्षिक सर्वसाधारण सभा त्या भिंतीवर कोरलेली आहे, आणि आमचे लोक तिच्याकडे पाठ करून ओठांचा चंबू करत होते.

त्याच डोंगरात, तिसऱ्या लेण्यात, गौतमी बलश्रीचा लेख आहे. ही गौतमीपुत्र सातकर्णीची आई. नातू गादीवर असताना तिनं मुलाचं कौतुक दगडात कोरवून घेतलं. त्याची घोडी तीन समुद्रांचं पाणी प्यायली, अशा अर्थाचं एक बिरुद त्यात आहे. मुलाचं कौतुक सांगताना आई हातचं राखत नाही, ही परंपरा दोन हजार वर्षांची आहे, हे कळल्यावर आमच्या सौभाग्यवती तिथं दोन मिनिटं थबकल्या. आमचा चिरंजीव बारावीला एकदाचा पास झाला तेव्हा त्यांनीही सबंध आळी हादरवली होती. पण तेवढ्यात शिट्टी वाजली. सहलीत शिट्टी वाजली की सातवाहन संपतात.

आता कोणी म्हणेल, बुवा, लेण्याचा आणि वाइनचा संबंध तरी काय? भिक्षूंचं पाचवं शीलच मुळी मद्यापासून दूर राहण्याचं. मग ‘आणि’ खरा होणार कसा?

अहो, संबंध आहे! हाच तर माझा संताप आहे! पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या कोणा व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची एक वही लिहून ठेवली आहे. ‘पेरिप्लस’ म्हणतात तिला. त्यात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे, आणि ती यादी सुरूच होते वाइनपासून. इटलीची अधिक पसंत, लाओडिशियाची नि अरबस्तानचीही चालते, असं बारकाव्यानं लिहिलंय. खुद्द राजासाठी चांदीची भांडी, गाणारी पोरं आणि उंची वाइन वेगळी. या भडोचच्या राजाचं नाव त्या वहीत जरा मोडतोड होऊन आलंय, पण अभ्यासक त्याला नहपान मानतात. म्हणजे आमच्या उषवदाताचा सासरा! तिकडे सासरा इटलीची वाइन उतरवून घेतोय आणि इकडे जावई भिक्षूंच्या कपड्यांसाठी शेकडा एकनं ठेव ठेवतोय. त्या मद्याचे कुंभ घाटावर चढून आतपर्यंत येत. १९५४ ते ५६ च्या नेवाशाच्या उत्खननात त्यांची खापरं सापडली. नाशिकच्या परिसरात वाइन आणि वारसा यांची सोयरीक दोन हजार वर्षांपूर्वीच झालेली आहे. लग्नाची पत्रिका दगडावर आहे. फक्त या सहलीवाल्यांनी ती वाचलेली नाही.

सिन्नरला तेच. गोंदेश्वराचं देऊळ बघून माणसानं बसकण मारावी. एकाच जोत्यावर मधे महादेव आणि चार कोपऱ्यांना चार छोटी देवळं, समोर नंदी, आणि शिखर असं की दगडाला वेलीसारखं चढायला शिकवलंय. देवगिरी गाजायच्या आधी सिन्नर ही यादवांची राजधानी होती. आमच्या मार्गदर्शकानं सांगितलं, “हे हेमाडपंती मंदिर.” महाराष्ट्रात काळ्या दगडाचं देऊळ दिसलं की ते हेमाडपंताच्या नावावर चढवायची जुनी सवय आहे. हेमाडपंत तेराव्या शतकातला. हे देऊळ त्याच्या आधीचं. बिचारा हेमाडपंत! एवढी देवळं त्यानं बांधली असती तर यादवांचा कारभार बघायला त्याला रविवारसुद्धा मिळाला नसता. पण हे कोण सांगणार? अर्धा तास संपला होता, आणि त्यातली वीस मिनिटं एका नवपरिणित जोडप्याच्या रीलमध्ये नंदी पुरता दिसत नाही, या तक्रारीत गेली होती.

तिथून बस नायगाव, सायखेडा, चांदोरी करत निफाडकडे निघाली, आणि इतिहास अधिकृतरीत्या संपला. आयोजकांच्या लेखी, सिन्नर ते वायनरी हा नुसता रस्ता. मंडळी डुलक्या काढू लागली. मी खिडकीला नाक लावून बसलो होतो. याच भागात, गोदावरी-दारणेच्या संगमाजवळ, जोगलटेंभी नावाचं गाव आहे. १९०६ साली तिथं नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा घबाडासारखा साठा सापडला, तेरा हजारांच्या वर नाणी. त्यातल्या दोन तृतीयांशाहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारला होता. म्हणजे जुन्या बाटलीवर नवं लेबल! शत्रूची चांदी वितळवायचीही गरज नाही, वरून आपलं नाव ठोकलं की झालं. वाइनच्या धंद्यातल्या माणसाला याहून जवळची गोष्ट दुसरी सांगता येणार नाही. बस न थांबता पुढे गेली.

पुढे चांदोरी. पेशव्यांचे दिल्ली दरबारातले वकील हिंगणे, त्यांचा वाडा या गावात. गोदावरीचं पाणी ओसरलं की पात्रातून जुनी देवळं डोकं वर काढतात. पेशव्यांच्या वकिलांना दिल्लीत भेटीसाठी तिष्ठत बसावं लागे असं वाचलं होतं; त्यांच्या गावाला आता मिनीबससाठी तिष्ठावं लागतं, आणि ती थांबत नाही. अलीकडे नांदूर मध्यमेश्वर राहिलं. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर १९११ साली पुरा झालेला बंधारा, त्यामागे गाळानं तयार झालेली पाणथळ, १९८६ पासून पक्षी अभयारण्य आणि २०२० च्या जानेवारीत जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. दर हिवाळ्यात हजारो मैलांवरून पाहुणे पक्षी तिथं येतात आणि महिनेमहिने मुक्काम करतात. नाशिकहून येणारे पाहुणे मुक्काम करत नाहीत, कारण तिथं चाखायला काही नाही.

निफाडला बस थांबली. चहासाठी. पंधरा मिनिटं.

आता निफाड आणि चहा यांचं नातं त्या बसमधल्या कोणाला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथं सांगतो. १८ जानेवारी १८४२ रोजी या गावात महादेव गोविंद रानडे जन्मले. पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, या देशाच्या दारिद्र्याचं अर्थशास्त्र मांडलं, मराठी सत्तेचा उदय कसा झाला त्यावर पुस्तक लिहिलं. या थोर माणसाला एका कप चहानं छळलं. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला बरीच प्रतिष्ठित मंडळी जमली. रानडे होते, टिळक होते. व्याख्यान झाल्यावर यजमानांनी चहा-बिस्किटं पुढे केली. आता मिशनऱ्यांच्या हातचा चहा! कोणी प्याले, कोणी नुसता कप हातात धरला, कोणी टेबलावर ठेवून दिला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी हजर मंडळींची नावं ‘पुणेवैभव’ पत्रातून छापून आणली आणि सगळ्या पुण्याचा चहा उकळला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, बहिष्काराची भाषा झाली. रानड्यांनी अखेर १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं, आणि त्यावरून त्यांचे सुधारक मित्र त्यांच्यावर उलटे रागावले. घोटभर चहाची दोन वर्षं कटकट!

त्या माणसाच्या जन्मगावी चहा पिऊन पुढे वाइन चाखायला जाणाऱ्या बसमध्ये ही गोष्ट सांगायची नाही, तर मग कुठं सांगायची? महाराष्ट्राच्या ओठांनी शंभर-सव्वाशे वर्षांत केवढा प्रवास केला, त्याची ही सगळ्यात सोपी मोजपट्टी आहे. पण आमच्या बसला निफाडनं दिलं काय, तर वेलचीचा चहा आणि स्वच्छतागृह.

टपरीवर एक म्हातारे बागाईतदार बसले होते. डोक्याला टोपी, हाताची कातडी द्राक्षाच्या खोडासारखी. “कुठं निघाली मंडळी?” त्यांनी विचारलं.

“विंचूरला, काका. वाइन चाखायला.”

“अन् बाग?”

“बाग लांबून दाखवणार आहेत म्हणे.”

ते मिशीतल्या मिशीत हसले. म्हणाले, “आमची बाग खायच्या द्राक्षाची. वाइनचं द्राक्ष बारीक असतं, बियांचं, जाड सालीचं. ते कोणी तोंडात टाकत नाही. अन् आमचं तोंडात टाकतात, पण पिकवतो कसं ते कोणी विचारत नाही. वर्षाला दोन छाटण्या. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. मग डावणी आली का बघा, भुरी आली का बघा. थंडीत पारा उतरला का मणी तडकतो. रात्र रात्र बागेत शेकोट्या पेटवून बसतो आम्ही. लेकराला ताप आल्यावर बसतात तसं.”

दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात निफाडचं नाव येतं ते कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर नोंदल्या गेलेल्या पाऱ्यामुळे. ते वाचून आपण पुण्या-मुंबईत “वा, काय गुलाबी थंडी!” म्हणतो आणि स्वेटर काढतो. त्याच रात्री इथं कोणी शेकोटी पेटवून द्राक्षाच्या घडांना ऊब देत बसलेलं असतं. ‘गोडी छाटणी’! फळ गोड यावं म्हणून करायची छाटणी. एवढा गोड शब्द ज्या मुलखात तयार झाला, तो मुलखाचा वारसा नव्हे काय? पण दगड झाल्याशिवाय आपण कशाला वारसा म्हणत नाही. माणूस हलता-बोलता असेपर्यंत त्याचा वारसा धरायचा नसतो, अशी आपली समजूत आहे. शिट्टी वाजली. काकांनी हात वर केला. पंधरा मिनिटं झाली होती.

आणि मग आली वायनरी. तिथं जे दिसलं त्यानं माझ्या रागाला खरी धार आली. कारण तिथं सगळं उत्तम होतं.

एक तरुण मुलगी आम्हाला वाइन चाखायला शिकवत होती. किती प्रेमानं, किती तब्येतीनं! पेला दांडीला धरायचा. पोटाला धरला तर हाताच्या उबेनं वाइन तापते. आधी उजेडात धरून रंग बघायचा. मग हलकेच गोल फिरवायचा. मग नाक आत घालायचं. “घाई करू नका. काय आठवतंय सांगा. पेरू? नुकतंच कापलेलं गवत?” मग एक छोटा घोट, तो लगेच गिळायचा नाही, जिभेवर फिरू द्यायचा. तांबड्या वाइनला रंग येतो तो सालीमुळे, हेही तिनं सांगितलं. रस सालीबरोबर आंबवत ठेवतात, आणि ती जी तुरट पकड जिभेला जाणवते तीही सालीचीच. कुठलं साल, कुठल्या द्राक्षाचं, लाकडी पिंपात किती दिवस होतं, सगळं तिला पाठ. आणि आमची मंडळी! जी मंडळी लेण्यात दोन मिनिटं उभी राहिली नव्हती, ती डोळे मिटून पेरूचा वास शोधत होती. माझा मेहुणा, ज्याला घरी वरणात मीठ कमी पडलेलं कळत नाही, तो शिराझचा घोट घेऊन “शेवटाला मिरीची चव लागते” असं म्हणाला, आणि ती मुलगी “अगदी बरोबर सर!” म्हणाली. तो तेव्हापासून उंच झाला आहे.

शेजारी घोट टाकायला एक भांडं ठेवलं होतं. जाणकार चाखतात आणि थुंकतात म्हणे. आमच्यापैकी एकानंही त्या भांड्याकडे बघितलं नाही. पैसे मोजून घेतलेलं थुंकायचं, हे आपल्या संस्कृतीत बसत नाही. आपला माणूस जिन्याच्या कोपऱ्यात थुंकेल, गडाच्या बुरुजावर थुंकेल, पण थुंकण्याची सोय केलेली असेल तिथं चुकूनही थुंकणार नाही.

परतीच्या वाटेवर मी माझा मुद्दा मांडला तेव्हा मेहुणा म्हणाला, “दाजी, लोकांना इतिहास नको असतो हो. झोप येते त्यांना. वाइनच्या निमित्तानं चार माणसं लेण्यात जातात, हेच नशीब समजा.” बसमधल्या इतरांनीही माना डोलावल्या. त्यातल्या काही माना त्या कारणानं डोलत नव्हत्या, तो भाग वेगळा.

लोकांना इतिहास नको असतो, हा सहलीवाल्यांचा ठरलेला युक्तिवाद आहे, आणि तो किती फसवा आहे हे त्यांच्याच वायनरीत सिद्ध होतं. ज्यांनी सकाळपर्यंत शेनिन ब्लां हे नाव ऐकलं नव्हतं, ते दुपारी तिच्या आंबटपणावर मतभेद व्यक्त करत होते. म्हणजे लोक शिकतात. लोकांना वेळ दिला, जवळ नेलं, हातात दिलं आणि जाणकार माणसानं आस्थेनं सांगितलं, तर लोक अवघडातलं अवघड शिकतात. मग एका तासात सालीचा तुरटपणा ओळखणारा माणूस एका तासात ब्राह्मी लिपीतली चार अक्षरं ओळखणार नाही, असं कोणत्या तोंडानं म्हणता? त्याला झोप येते ती इतिहासानं येत नाही. पाठ केलेल्या तीन वाक्यांनी येते. वाइन जर कोणी अशी पाजली असती, की “ही लाल, ही पांढरी, फोटो काढा, चला”, तर वाइनपुढेही लोक झोपले असते. अर्थात नंतर.

म्हणून माझ्या मागण्या अगदी माफक आहेत. वाइन पाचाऐवजी तीन ठेवा. त्या वाचलेल्या तासात लेण्यात कोणीतरी शिकवलेला माणूस उभा करा, जो उषवदाताचं व्याज सगळ्यांकडून बोटांवर मोजून घेईल. जोगलटेंभीच्या नाण्यांची कथा बसमध्ये सांगा. त्याला तिकीटही लागत नाही. निफाडला चहा पाजताना पंचहौदचा चहा सांगा. टपरीवरच्या त्या काकांसारख्या कोणाला त्याच्या वेळेचे पैसे देऊन त्याच्या बागेत अर्धा तास न्या, आणि घड हातात घेऊन गोडी छाटणी म्हणजे काय ते त्याच्या तोंडून ऐकवा. आणि दर तिकिटामागचे थोडे पैसे उषवदाताच्या पद्धतीनं ठेव म्हणून ठेवा, मुद्दलाला हात न लावता व्याजावर एखादा पडका वाडा, एखादं बुडतं देऊळ सावरायला लागा. दोन हजार वर्षांपूर्वी कोष्ट्यांच्या श्रेणीला जमलं, ते मिनीबसवाल्यांना जमायला हरकत नाही. एवढं केलंत तर तुमचा ‘आणि’ खरा होईल, आणि मी स्वतः सासूबाईंना सगळं खरं सांगून तुमच्या सहलीला येईन.

तोपर्यंत मात्र कृपा करून वारशाचं नाव वर लिहू नका. सरळ ‘वाइनची सहल’ म्हणा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, नहपान लाजला नव्हता. देवळाला आणि लेण्याला मात्र आपल्या पेल्याशेजारच्या बशीतून उतरवा.

पंचहौदच्या चौकशीत सगळा खल एका प्रश्नावर झाला होता, कोण प्याला आणि कोणी नुसता कप हातात धरला. तेव्हा नुसता धरणारे आपण प्यालो नाही म्हणून सुटायला बघत होते. आज काळ उलटला आहे. लेण्याच्या दारात फोटो काढून, देवळाला एक घाईची प्रदक्षिणा घालून, आपण वारसा प्यालो असं जो तो सांगत सुटलाय. माझं म्हणणं एवढंच, की एकदा या सहलींचीही चौकशी बसवावी. प्रश्न तोच विचारावा. उत्तर देताना मात्र तोंडाचा वास घेऊ नये.